आटे गेले म्हणून टर्बो टाकायचा?

टर्बोला तेल पोचवणारा पाईप ज्या पोकळ बोल्टाने बसतो, त्याला गॅरेजात बँजो म्हणतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका जुन्या डिझेल हॅचबॅकचा हा बँजो नुसताच गरगर फिरत होता. आवळत नव्हता आणि सुटतही नव्हता. शेवटी खालून स्क्रूड्रायव्हरचा रेटा देत देत तो काढला, तेव्हा त्याच्या आट्यांत बिडाचा काळा चुरा भरलेला दिसला. टर्बोच्या मधल्या भागातले, म्हणजे कोरच्या बिडातले आटे साफ गेले होते.

त्यावरून मामा-भाच्यांचं जुंपलं. मामांचं सगळं आयुष्य लेथवर गेलेलं. भाचा ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करून एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे, सुट्टीच्या दिवशी मामांकडे येतो. गाडी निवृत्त मास्तरांची. ते माझ्या ओळखीचे, म्हणून मी तिथे होतो. मास्तर चहा घेऊन घरी गेले, मी थांबलो. दोघांचं बोलणं थोडं आवरून सावरून देतो आहे, आणि जिथे राहवलं नाही तिथे मध्ये तोंडही घातलं आहे.

भाचा : मामा, यात डोकं लावण्यासारखं काही नाही. टर्बो बदलायचा. टर्बो नाही तर निदान कोर.

मामा : आटं गेलं ते भोकाचं. टर्बोचं काय गेलं, त्ये सांग की.

भाचा : आटे नाहीत म्हणजे पाईप बसणार नाही. पाईप नाही म्हणजे तेल नाही. तेल नसेल तर टर्बो किती वेळ टिकतो, ते तुम्हाला सांगायला नको.

मामा : त्ये मला ठावं हाय. मी इचारतोय, आत्ता, या घडीला, आतला शाफ्ट चांगला हाय का न्हाई? त्ये न बघता बदला बदला काय करतोस?

मामांनी हवेचा पाईप काढायला लावला आणि कंप्रेसरच्या चाकाचं नट दोन बोटांच्या चिमटीत धरलं. वर-खाली किंचित हललं. आत-बाहेर ओढून, ढकलून पाहिलं, तिथे काहीच जाणवलं नाही. चाकाची पाती घरावर घासल्याच्या खुणाही नव्हत्या. नवख्या माणसाला ती वर-खालीची हालचाल पाहून धडकी भरते, पण ती असायचीच. छोट्या डिझेल गाडीच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो, आणि बहुतेक गाड्यांत तो बॉल बेअरिंगवर नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. इंजिन बंद असलं की तो थर नसतो, म्हणून बोटाला थोडी ढिलाई लागते. आत-बाहेरची ढिलाई मात्र हाताला लागता कामा नये.

मामा : बघ. काय झालंय ह्येला?

भाचा : शाफ्ट ठीक आहे, मान्य. पण मला एक सांगा, हा बोल्टाला चिकटलेला चुरा दिसतोय. जो दिसत नाही, तो कुठे गेला?

मामांनी बोल्ट उजेडात फिरवून बघितला आणि उत्तर द्यायला वेळ घेतला. ॲल्युमिनियमचे आटे जातात तेव्हा पुष्कळदा सलग स्प्रिंगसारखे बोल्टाबरोबर अख्खे निघून येतात. बीड तसं येत नाही, त्याचा भुगा होतो. या बोल्टाखालचं भोक सरळ बेअरिंगकडे जातं, आणि तिथल्या फटी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायच्या असतात. भाच्याचा हा मुद्दा मला बिनतोड वाटला, आणि मामांनीही तो मनातल्या मनात लिहून घेतला असावा, कारण पुढे त्यांनी टर्बो गाडीवरच ठेवून काम करण्याची भाषा एकदाही केली नाही.

मामा : टर्बो उतरवायचाच. पन उतरवायचा म्हंजे भंगारात घालायचा, असं न्हाई. आधी ह्ये गेलं कशानं त्ये बघू. वायसर कुठं हाय?

बँजोच्या दोन्ही अंगांना तांब्याचे वायसर असतात. खालच्या वायसरवर मामांनी नख फिरवलं. त्यावर एकात एक न बसणारी दोन कडी उमटलेली होती, म्हणजे तोच वायसर निदान दोनदा आवळला गेला होता. तांबं एकदा दाबलं की कडक होतं, मग ते फटीत नीट बसत नाही. जुन्या मिस्त्र्यांची रीत अशी की वायसर लालबुंद तापवून पुन्हा मऊ करून घ्यायचा. नवा तर फार महागही नसतो. इथे या दोन्हींतलं काहीच झालं नव्हतं. जुना वायसर तसाच बसवला, तेल पाझरायला लागलं, पाझरतंय म्हणून कुणीतरी पाना आणखी ओढला, आणि मग एकदा पाना हलका झाला.

मामा : तेलाच्या दाबानं आटं जातात, असं मास्तर म्हनत हुते.

भाचा : छे. थांबा, हिशेबच करतो.

त्याने मोबाईलवर आकडे टाकले. तेलाचा दाब ४ बार धरला, भोक १० मिलिमीटरचं. बोल्टाला वर ढकलणारं बळ आलं साधारण ३ किलोचं. मग त्याने उलट बाजू मांडली. बोल्ट २० न्यूटनमीटरने आवळला तर वायसरवर पडणारा दाब जवळपास १ टनाचा. हा दुसरा आकडा पाहून मीही चमकलो. तेल ज्या बोल्टाला तीन किलोने ढकलतं, त्याला आपण एका टनाने ओढून धरतो, कारण तेवढ्या दाबाशिवाय तांबं बिडाशी एकजीव होत नाही. गळती अडवतो तो वायसर आणि त्याखालची सपाट बैठक. आट्यांकडे नुसतं आवळून धरण्याचं काम असतं.

मामा : म्हंजे तेलानं न्हाई मारलं. पान्यानं मारलं.

भाचा : पान्यानेच. त्यात बँजो पोकळ. भरीव एम१० बोल्ट ४५-५० न्यूटनमीटर सोसतो, याला त्याच्या निम्मंही पुष्कळ झालं. टॉर्क पाना वापरला असता तर ही वेळच आली नसती.

मामा : टॉर्क पाना टांगलाय की हितं. वापरतो बी. तुला काय वाटलं, आम्ही दात लावून आवळतो?

आता उपाय. तांब्याच्या तारेचा धागा बोल्टाला गुंडाळून आवळायचा, हा रस्त्यावरचा जुगाड दोघांनीही तोंड वाकडं करून सोडून दिला. टेफ्लॉन टेपचंही तेच. तिचे तुकडे सुटून तेलाच्या बारीक भोकात अडकतात आणि टर्बो तेलावाचून मरतो. गॅस्केट पेस्टची तर भाच्याला विशेष चीड, कारण त्याने उघडलेल्या मेलेल्या टर्बोंपैकी काहींच्या तेलाच्या वाटेत पेस्टचे गोळेच सापडले होते. काही इंजिनांत बँजोच्या पोटातच बारीक जाळी असते. युरोपातल्या १.६ एचडीआय डिझेलमध्ये आणि सुबारूच्या टर्बो पेट्रोलमध्ये ती जाळी तुंबून टर्बो जाण्याचा प्रकार मेकॅनिकांत चांगलाच माहितीचा आहे. एम१२चा टॅप मारून भोक मोठं करायचं, तर पाईपचा डोळा एम१०चा, वायसर एम१०चे. म्हणजे पाईपच नवा बनवावा लागेल. तोही रस्ता बंद.

राहिलं हेलिकॉइल, म्हणजे मोठ्या केलेल्या भोकात बसवायची वायरीची स्प्रिंग. तिच्या आतल्या अंगाला बोल्टासाठी नवे आटे मिळतात.

मामा : ह्ये भोक एम१०, पिच १चं. गेज लावून बघितलंय. एम१०ला १, सव्वा आनि दीड, तिन्ही पिच येतात. दोन आटं कुठलाबी बोल्ट जातो आत, आनि माणूस म्हनतो बसला, आवळ. तसं झालं नसंल, पन बघितलेलं बरं. सव्वादहाचा ड्रिल, मग हेलिकॉइलचा टॅप, मग स्प्रिंग. काम झालं. आनि पयल्या आट्यांपरीस बळकट.

भाचा : बळकट होतं, यावर माझा वाद नाही. विमानांच्या इंजिनांत ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच्या भागांना नवे असतानाच हे इन्सर्ट घालतात. वायर थोडी लवचीक असल्यामुळे भार सगळ्या आट्यांवर वाटला जातो, नाहीतर पहिले दोन-तीन आटेच सगळं ओझं वाहतात. उष्णतेचंही बघितलं मी, स्टेनलेसची वायर ४२५ अंशांपर्यंत चालते, आणि तेलाच्या तोंडाशी एवढं तापत नाही. माझी भीती वेगळी आहे. वायसरची बैठक.

मामा : बोल.

भाचा : वायसर बाहेरून १४चा. आधी भोक १०चं होतं, म्हणजे चहूबाजूंनी २ मिलिमीटरची बैठक. तुमचा टॅप भोक नेणार ११.३ला. बैठक उरली १.३५. त्यात तोंडाला चॅम्फर मारलात की एकच्या खाली.

मामा : म्हणून तर चॅम्फर नुसता फिरवायचा, कडेचा बर जाण्यापुरता. स्प्रिंग पाव ते अर्धा आटा आत ठेवायची, बैठकीच्या वर येऊ द्यायची न्हाई. वर आली तर वायसर तिच्यावर बसंल आनि आयुष्यभर गळंल.

भाचा : त्यापेक्षा भरीव बुश?

मामा : बुशला निदान बाराचं भोक लागंल. मग बैठक कुठं राहिली? कॉलरवाला बुश घेतलास तर वायसर कॉलरवर बसंल, तेल बुशच्या मागनं येईल. हितं बीड कमी हाय. चेंबरला असतं तर मीच बुश मारला असता.

इथे मामा जिंकले. भाच्याने कॅलिपर लावून पाहिलं आणि बुशचा विषय सोडला. गॅरेजात इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीला चेंबर म्हणतात. तिथल्या ड्रेन बोल्टाचे आटे जाणं हे तर रोजचं दुखणं, आणि तिथे जागा भरपूर. हेच आटे टर्बोच्या खालच्या रिटर्न पाईपचे असते, तरी वाद इतका वाढला नसता. तिथून तेल नुसतं उताराने खाली जातं, दाब नसतो, आणि दोन छोटे बोल्ट फ्लँज धरून ठेवतात. दोघांचंही त्यावर अर्ध्या मिनिटात एकमत झालं असतं.

भाचा : आता शेपटी.

हेलिकॉइलच्या खालच्या टोकाला वायरीची एक आडवी शेपटी असते. तिला हत्यारात धरून वायर आत वळवायची, आणि बसली की शेपटी ठोकून तोडायची. इतर ठिकाणी तुटलेला तुकडा भोकाच्या तळाशी पडला तरी फारसं बिघडत नाही. इथे तळाशी तेलाची वाट आहे.

मामा : मॅग्नेटनं काढायची की.

भाचा : स्टेनलेस आहे. तुमचा मॅग्नेट तिला धरणार नाही.

मामांनी खण ओढला, एक तुटलेली जुनी शेपटी शोधून बाकावर ठेवली आणि मॅग्नेटची काडी तिच्याजवळ नेली. तुकडा टोकाला लागल्यासारखा झाला, बोटभर उचलला गेला आणि घसरून खाली पडला. मामांनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा पडला.

मामा : वायर ओढून काढलेली असती, म्हणून जरा लागती. पन भरवसा न्हाई, बरोबर बोलतोस. मग कोर उलटा धरून स्प्रिंग बसवतो. भोकाचं तोंड जमिनीकडं. तुटली तर बाकावर पडंल.

भाचा : शेपटी पडेल. ड्रिलचा कीस? ड्रिल उलटा धरून मारणार का?

मामा : आतल्या बारीक भोकात ग्रीस ठासायचं. टॅपच्या खाचा ग्रीसनं भरायच्या. कीस ग्रीसला चिकटतो.

भाचा : ॲल्युमिनियमचा चिकटतो, त्याचे कुरळे निघतात. बिडाचा कीस म्हणजे भुकटी. निम्मी ग्रीसमध्ये राहील, निम्मी कुठे जाईल ते तुम्ही सांगू शकत नाही. आणि मघाचा चुरा आत गेलेलाच आहे, त्याला कुठलं ग्रीस अडवणार?

मला वाटतं, वादाचं मूळ इथे होतं, आणि तोवर दोघेही त्याच्या कडेकडेने फिरत होते. आटे दुरुस्त करणं स्वस्त आहे, पडलेला कीस खात्रीने बाहेर काढणं महाग. एका मापाचं हेलिकॉइलचं किट काही फार नाही, आणि एकदा घेतलेलं वर्षानुवर्षं पुरतं. पण टर्बोचं पोट साफ आहे हे खात्रीने सांगायचं, तर कोर पूर्ण खोलावा लागतो. चाक, शाफ्ट आणि नट यांच्या एकमेकांवरच्या खुणा करायच्या, बेअरिंग काढायचे, रिकामं बीड धुवायचं. दोन लाख फेऱ्यांवर फिरणारी वस्तू अशी खोलून पुन्हा जोडली, की तिचा तोल मशीनवर तपासल्याशिवाय ती गाडीवर चढवू नये. ते मशीन मामांकडे नाही. टर्बोचंच काम करणाऱ्या दुकानात ते असतं, आणि त्याचे पैसे वेगळे.

भाचा : म्हणून म्हणतो, एवढा खर्च करून शेवटी जुनाच कोर. त्यापेक्षा तयार, तोल केलेला कोर आणा. कागद मिळतो, हमी मिळते. आणि लफडं काय आहे ते तर बघा. तेलाचा पाईप सुटला आणि तेल टर्बाइनच्या घरावर उडालं, तर? ते घर डिझेल गाडीतही ७०० अंशांच्या घरात जातं, आणि इंजिन ऑइल २०० अंशांच्या थोडं वर गेलं की पेटायला तयार. मास्तर महिन्याला आंबा घाटातून रत्नागिरीला लेकीकडे जातात.

मामा : कोर आणा म्हंजे कुठला आणा? बाजारात दहा जातीचं कोर हायत. बाहेरनं सगळं सारखं. आत बेअरिंग कुठल्या धातूचं, कुनी घासलं, त्येला कोन जामीन? ह्यो जो हाय तो कारखान्यात बसलेला मूळचा हाय. शाफ्ट त्येचा चांगला हाय, आत्ता तूच बघितलास. एका भोकापायी चांगला माल टाकायचा, नवा म्हणून अनोळखी माल आणायचा. ह्येला तुमी खात्री म्हंता?

भाचा : आम्ही मूळ कंपनीचा टर्बो लावतो.

मामा : मग दाम बी मूळ कंपनीचं. दहा वर्साच्या गाडीला. मास्तरांना इचार.

ही तक्रार एकट्या मास्तरांची नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि छोटी डिझेल इंजिनं एकामागून एक बंद पडली. रांजणगावला बनणारं १२४८ सीसीचं मल्टिजेट, जे एकाच वेळी अनेक कंपन्यांच्या गाड्यांत धावायचं, तेही त्यात गेलं. इंजिनं बंद झाली तरी गाड्या रस्त्यावर आहेत, आणि नवी डिझेल हॅचबॅक आता बाजारात क्वचितच मिळते. म्हणजे अशा गाड्यांच्या दुरुस्तीचा प्रश्न पुढची कित्येक वर्षं उद्यमनगरसारख्या ठिकाणीच येणार. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पार्टला नंबर असतो, मजुरीला तास असतात, पण गेलेल्या आट्यांना जॉब कार्डवर ओळ नसते. भाच्याने हे स्वतःच कबूल केलं. त्याच्या साहेबांना चूक झाली तर कुणाची, हे आधी ठरवावं लागतं, आणि पार्ट बदलला की तो प्रश्न पार्टबरोबर कारखान्याकडे जातो. त्यात मला गैर काही दिसत नाही. दिवसाला कितीतरी गाड्या हातावेगळ्या करायच्या, तर प्रत्येक भोकापाशी असा वाद घालत बसता येणार नाही.

तरी या गाडीपुरतं माझं मत मामांकडे झुकलं, पण भाच्याच्या अटींवर. मी तसं बोलून दाखवलं. दोघांनाही ते सारखंच आवडलं नाही.

मामा : खोलू. रिकाम्या बिडातच ड्रिल मारतो. लेथवाल्या हातानं न्हाई, पिलर ड्रिलवर, गुण्या लावून. भोक बैठकीशी काटकोनात न्हाई बसलं तर वायसर एका अंगानं दबंल. बीड रॉकेलनं धुतो, हवेनं मारतो, परत धुतो. मग तुझ्या त्या तोलाच्या दुकानात दे.

भाचा : बेअरिंग किट नवं. जुनं परत घालायचं नाही.

मामा : नवं.

भाचा : पाईप नवा, बँजो नवा, वायसर नवे. पाईप आतून कार्बनने तुंबलेला असतो, नुसता धुऊन कळत नाही.

मामा : पाईप धुऊन चालंल.

भाचा : नाही चालणार. नवा. चढवताना टर्बोत तेल ओतायचं, इंजेक्टरचे कनेक्टर काढून स्टार्टर मारायचा, रिटर्नमधून तेल येताना दिसलं की मगच कनेक्टर लावून इंजिन चालू करायचं. ऑइल आणि फिल्टर बदलायचे. आणि टॉर्क पाना.

मामा : टॉर्क पाना, टॉर्क पाना. आवळ तूच.

भाचा : मीच आवळणार. आणि बिलावर लिहायचं.

मामा : काय लिवायचं?

भाचा : तेलाच्या तोंडाला हेलिकॉइल बसवलं, एम१०, पिच १. पुढे कुणी हा बोल्ट काढेल तेव्हा त्याला कळलं पाहिजे. नाहीतर तो बोल्टाबरोबर वायर ओढून काढेल आणि म्हणेल, आटेच निघाले.

मामा : बरं. आट्यांची हमी माझी, लिव. बेअरिंगची न्हाई, ती तोलाच्या दुकानाची.

भाचा : उद्या घाटात टर्बो गेला तर मास्तरांना काय फरक पडतो, आटे गेले की बेअरिंग? ते तुमच्याच दारात येणार.

मामा : येऊ देत. पन दोन्ही एका ओळीत लिवू नकोस. दोन ओळी कर.

भाच्याने बिलबुक पुढे ओढलं आणि दोन ओळी केल्या. मामांनी चष्मा लावून पहिली ओळ वाचली, ‘हेलिकॉइल’ला अधोरेखित केलं, आणि मास्तरांना फोन लावायला मला सांगितलं. खर्चाचा आकडा मीच सांगावा, असं दोघांचंही म्हणणं पडलं.